मे महिन्याचं काम ऑक्टोबरात

ऑक्टोबरात सुरगाणा तालुक्यातल्या बहुतेक ओहळांना पाणी असतं, आणि म्हणूनच तेव्हा त्या पाण्याचा विचार कुणी करत नाही. भात पिवळं पडत आलेलं असतं, नागली कापणीला येत असते, दिवाळी तोंडावर असते. पाड्याखालून खळखळत जाणारं पाणी गृहीतच धरलेलं असतं. तेच पाणी मार्चमध्ये डबक्यापुरतं उरतं. एप्रिल-मेमध्ये बाया रात्रीच्या उठून झिऱ्यावर नंबर लावतात, आणि मग सगळ्यांची धावपळ सुरू होते. निवेदनं लिहिली जातात, हंडे घेऊन मोर्चे निघतात, टँकर मागितला जातो. त्या वेळी कष्ट करायची तयारी सगळ्यांची असते. पण ओहळाला अडवण्याजोगं पाणीच उरलेलं नसतं.

वेळेआधी हालचाल करण्याला आपण स्वभावाचा गुण मानतो. अमका हुशार, धडाडीचा, त्याला आधीच सुचतं. आपल्याला सुचत नाही. मला हे पटत नाही. यात स्वभावाचा भाग थोडा आणि महिन्यांच्या हिशोबाचा फार मोठा आहे. प्रत्येक कामाचा एक स्वस्त महिना असतो. त्या महिन्यात ते काम थोड्या हातांनी, थोड्या पैशांत होतं. अडचण एवढीच, की त्या महिन्यात ते काम हाक मारत नाही. हाक मारतं तेव्हा ते महाग झालेलं असतं. हा हिशोब कसा करायचा, हे सुरगाण्याच्या पाण्यावरून फार चांगलं समजतं.

सुरगाणा हा नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम टोकाचा, गुजरातला लागून असलेला डोंगराळ आदिवासी तालुका. पाऊस वर्षाला सरासरी दोन हजार मिलिमीटरच्या आसपास. त्याच जिल्ह्यात पूर्वेला येवला-सिन्नरकडे पाचशे-सहाशे मिलिमीटरवर शेती चालते. तरी टँकर सुरगाण्यातही लागतो, कारण इथे पाणी पडतं पण थांबत नाही. उतार तीव्र, मातीचा थर पातळ, खाली काळा कातळ. पाणी साठायला जागा फक्त वरच्या कुजलेल्या मुरमात आणि कातळाच्या भेगांत. ही जागा जुलैतच भरून जाते. पुढचा सगळा पाऊस नार, पार आणि त्यांना मिळणाऱ्या ओहळांतून पश्चिमेला गुजरातेत आणि तिथून अरबी समुद्रात जातो.

आता ऑक्टोबरातला ओहळ बघा. पाऊस थांबलेला असतो, तरी तो वाहतो. हे पाणी येतं कुठून? डोंगराने पावसाळ्यात पोटात घेतलेलं पाणी बाजूने पाझरून बाहेर पडत असतं. म्हणजे ओहळ वाहतोय याचा अर्थ डोंगराची साठवण रिकामी होतेय. वाहतं पाणी पाहून आपण निर्धास्त होतो, ते खरं तर आपल्या विहिरीचं एप्रिलचं पाणी चाललेलं असतं. वेळेआधी काम करणाऱ्याला वेगळं काही सुचत नाही. आज दिसतंय त्यातून पुढे काय वजा होतंय, एवढं तो पाहतो.

या पाण्याला अडवायचा सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे वनराई बंधारा. मोहन धारियांच्या वनराई संस्थेने तो गावोगावी नेला, म्हणून हे नाव. पुढे कृषी खात्यानेही तोच कार्यक्रम उचलला. रिकाम्या सिमेंटच्या गोण्यांत वाळू-माती भरून ओहळावर घातलेला कच्चा बांध, एवढंच त्याचं स्वरूप. तो एका हंगामापुरता असतो.

जागा निवडताना ओहळ अरुंद आणि दोन्ही काठ उंच असतील अशी पाहतात. वरच्या अंगाला उतार कमी हवा, म्हणजे पाणी लांबपर्यंत मागे पसरतं. तुंबलेलं पाणी कुणाच्या शेतात शिरणार नाही ना, हे आधी बघून त्या शेतकऱ्याशी बोलून घ्यावं लागतं. नाहीतर बांध पाण्याआधी भांडणाने फुटतो. मग तळ साफ करायचा. पालापाचोळा, सुटे दगड, गाळ काढून कातळ किंवा कठीण मुरूम लागेपर्यंत खाली जायचं. ही पायरी टाळली तर पाणी गोण्यांखालून निघून जातं आणि वरचा बांध नुसता उभा राहतो. गोण्या गच्च भरायच्या नाहीत, पाऊण भरायच्या, म्हणजे त्या दाबून बसतात. तोंडं दाभण-सुतळीने शिवायची. रचताना विटांच्या बांधकामासारखी सांधेमोड करायची, वरच्या थराची गोणी खालच्या दोन गोण्यांच्या सांध्यावर आली पाहिजे. फटींत आणि पाण्याच्या अंगाला चिकणमाती ठासायची. उंची मीटर-सव्वा मीटरच्या वर न्यायची नाही. माथा मधोमध जरा खाली ठेवायचा, म्हणजे जादा पाणी तिथून सांडतं आणि काठ खचत नाहीत.

आता हिशोब मागे मोजत नेऊ. समजा ओहळ सहा मीटर रुंद आहे. बांध एक मीटर उंच, तळाशी दोन मीटर जाड, माथ्याला एक मीटर. म्हणजे नऊ घनमीटर भराव झाला. पन्नास किलो सिमेंटची गोणी पाऊण भरली तर तिच्यात पंचवीस-तीस लिटर माती बसते. तेव्हा तीनशे ते साडेतीनशे गोण्या लागणार. पंचवीस-तीस माणसं असली तर रचाईचं काम एका दिवसात उरकतं. त्या बदल्यात पाणी मागे साठ मीटर तुंबलं तर एका वेळी सुमारे एक लाख ऐंशी हजार लिटर साठा होतो. ओहळ वाहता असेपर्यंत त्यात वरून भर पडत राहते आणि खालच्या अंगाला मुरत राहते.

एका दिवसाचं हे काम बहुतेक ठिकाणी अडतं ते गोण्यांपाशी. ऑक्टोबरात ठरवलं आणि ऑक्टोबरातच गोण्या शोधायला निघालं, तर साडेतीनशे धड गोण्या कुठून मिळणार? विकत आणायच्या म्हणजे पैसे आले, वर्गणी आली, आणि वर्गणी आली की बैठका आल्या. या गोण्या पाड्यावर येऊन गेलेल्या असतात, त्याही फुकट. घरकुलांची बांधकामं मुख्यतः उन्हाळ्यात चालतात आणि एकेका घराला पुष्कळ सिमेंट लागतं. पण गवंडी घाईत असतो, गोणीच्या पोटात फावडं घालून ती उभी चिरतो. चिरलेली गोणी बंधाऱ्याला कामाची नाही. म्हणून हे काम खरं तर एप्रिलमध्ये, एका वाक्याने सुरू होतं. ज्यांचं घर चाललंय त्या घरची बाई गवंड्याला सांगते, “दादा, गोणी चिरू नका, शिवण उसवून काढा.” उसवलेल्या गोण्या झटकायच्या, पन्नास-पन्नासचे गठ्ठे बांधायचे आणि उन्हापासून आडोशाला ठेवायचे. प्लास्टिकची गोणी उन्हात पडून राहिली की काही महिन्यांत पापडासारखी तुटते.

मेच्या पाण्याचं काम ऑक्टोबरात आणि ऑक्टोबरच्या कामाचं पहिलं पाऊल एप्रिलमध्ये, असा हा उलटा प्रवास आहे. कुठलंही काम घ्या, ज्या दिवशी वस्तू हातात हवी त्या दिवसापासून मागे जात विचारायचं: याच्या आधी काय झालेलं असायला हवं? आणि त्याच्याही आधी? असं मागे जाता जाता एक पायरी अशी येते, जिला पैसा लागत नाही, परवानगी लागत नाही, दहा माणसं जमवावी लागत नाहीत. ती आपली पहिली पायरी. ‘यंदा आधीच काहीतरी करू’ या निश्चयातून काही घडत नाही, कारण त्यात पायरीच नसते.

बंधाऱ्याबद्दल खोटी आशाही ठेवू नये. एका कच्च्या बांधाने मेपर्यंत पाणी पुरेलच असं नाही. जागा चांगली असेल तर खालच्या विहिरीचं आटणं काही आठवडे पुढे जातं, गुरांना पाणी मिळतं, कपडे धुवायला लांब जावं लागत नाही, आणि काठच्या तुकड्यात हरभरा, मसूर किंवा भाजीपाला निघतो. काही आठवडे हे ऐकायला थोडं वाटतं. डोक्यावर हंडा घेऊन चढण चढणाऱ्या बाईला ते थोडं नाही.

मग लोक हे आधी का करत नाहीत? आळस, अडाणीपणा अशी उत्तरं शहरातून फार सहज दिली जातात. त्यांना सुरगाण्यातच उत्तर आहे. इथला शेतकरी राब भाजतो तो पावसाच्या कितीतरी आधी. फेब्रुवारी-मार्चपासून पातेरा, टहाळ, शेण गोळा होतं. ते वाफ्यावर पसरून, वर मातीचा थर देऊन भर उन्हाळ्यात भाजतात. त्या भाजलेल्या जागेत पावसाच्या सुरुवातीला भात-नागलीचं रोप टाकतात आणि पुढे आवणी, म्हणजे रोपांची लावणी, होते. आभाळात ढगाचा मागमूस नसताना जुलैच्या आवणीची तयारी करणारी ही माणसं आहेत. पुढचं पाहायची सवय त्यांच्या हाडात आहे. राबाला एक ठरलेला काळ आहे, पद्धत आहे, आणि शेजारी पातेरा आणायला निघाला की आपणही निघतो. बंधाऱ्याला, दाखल्यांना, अर्जांना तसा काळ अजून बसलेला नाही.

दुसरं कारण ओढगस्तीचं. २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आनंदी मणी, सेंदिल मुल्लैनाथन, एल्डर शाफिर आणि जियायिंग झाओ यांचा अभ्यास आला. त्यांनी तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांची कापणीआधी आणि कापणीनंतर बुद्धीची चाचणी घेतली. माणसं तीच, पण कापणीआधी हात आखडलेला असताना त्यांची कामगिरी लक्षणीय कमी भरली. पैशाची चणचण डोक्यातली जागाच व्यापते, दूरचा विचार करायला जागा उरत नाही. म्हणून पुढच्या वर्षाचे निर्णय ओढगस्तीच्या महिन्यांत घ्यायला बसू नये. धान्य घरात आलेलं असतं, डोकं थोडं मोकळं असतं, तेव्हा बसावं.

सुरगाण्यात हा मोकळा काळ फार अरुंद आहे. खरिपाची कापणी-झोडणी आटपली, दिवाळी झाली, की घरंच्या घरं दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या कामावर निघतात. काहींनी आधीच उचल घेतलेली असते. बागांत ऑक्टोबरची छाटणी झालेली असते, पुढे द्राक्षं उतरेपर्यंत माणसं लागतात. पाड्यावर म्हातारी माणसं आणि पोरं राहतात. तीनशे गोण्या रचायला तरणे हात हवेत आणि ओहळाला वाहतं पाणीही हवं. या दोन्ही गोष्टी एकत्र असतात तो काळ पाऊस उघडल्यापासून माणसं निघेपर्यंतचा, आणि त्यातही कापणी चाललेली असते.

इतक्या कमी दिवसांत काम बसवायचं तर ‘सवडीने करू’ म्हणून चालत नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९९ साली एका लेखात बरेच प्रयोग एकत्र मांडले. नुसता निश्चय करणाऱ्यांपेक्षा ‘अमुक झालं की तमुक करायचं’ असं आधी ठरवणाऱ्यांच्या हातून ते काम जास्त वेळा पार पडतं, हे त्यातून दिसलं. पाड्यावर याचा उपयोग असा: तारखेवर काम टाकू नका, कारण पाऊस तारीख पाळत नाही. ‘हळवं भात कापून झालं, की पुढच्या बाजाराच्या दिवशी कुणी शेतावर जायचं नाही, ओहळावर यायचं.’ आठवण ठेवायची गरज उरत नाही, भात कापून झालं की काम आपोआप समोर येतं. घरच्या कामांनाही हेच लागू आहे. पोराला आश्रमशाळेत सोडून आलं, की त्याच दिवशी त्याच्या दाखल्यांची पिशवी उघडायची.

अंदाजही सैल धरावा. रॉजर ब्यूलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली विद्यार्थ्यांना विचारलं, तुमचा प्रबंध किती दिवसांत पूर्ण होईल? सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. लागले ५५ च्या वर. आपणही पुढचा विचार करताना सगळं सुरळीत चाललंय असंच धरतो. तलाठी त्या दिवशी दुसऱ्या गावाला असणार, नेटवर्क नसणार, एस.टी. चुकणार, हे धरत नाही. मागच्या वेळी याच कामाला प्रत्यक्षात किती दिवस लागले होते, तोच आकडा घ्यावा.

दाखल्यांच्या पिशवीचा विषय निघालाच आहे तर तिथे थोडं थांबतो, कारण पाण्याखालोखाल सुरगाण्यातली घरं इथे हैराण होतात. बारावी विज्ञान झालेल्या मुलीला इंजिनिअरिंग, नर्सिंग किंवा औषधनिर्माणशास्त्राला राखीव जागेवर प्रवेश हवा असेल, तर जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागतं. ते तपासणी समितीकडून मिळतं. अनुसूचित जमातीसाठी निर्णायक तारीख आहे ६ सप्टेंबर १९५०. त्याआधीच्या नोंदी असलेले पुरावे सगळ्यांत वजनदार ठरतात: आजोबा-पणजोबांचा शाळेतला प्रवेश किंवा शाळा सोडल्याचा दाखला, गाव नमुना १४ म्हणजे कोतवालाच्या जन्म-मृत्यूच्या वहीतली नोंद, जुने फेरफार. वडिलांना किंवा चुलत्यांना आधी वैधता मिळालेली असेल तर त्याची प्रत मोठीच मदत करते.

अडचण इथे आहे की आजोबा शाळेत गेलेलेच नसतात. गेले असले तर नाव एका ठिकाणी एक, दुसऱ्या ठिकाणी दुसरं. आडनावाच्या जागी कुठे गावाचं नाव, कुठे काहीच नाही. हे जुळवायला जुनी रजिस्टरं शोधावी लागतात, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र करावं लागतं, नकला काढाव्या लागतात. जूनमध्ये प्रवेशाच्या धामधुमीत हे करायचं म्हणजे शाळांना सुट्टी, तहसील कार्यालयात रांगा आणि पेरणीचे दिवस. मागे मोजत गेलं तर अर्ज अकरावीत किंवा बारावीच्या सुरुवातीला कॉलेजमार्फत जायला हवा. त्याआधी पुरावे, म्हणजे दहावीच्या सुट्टीत. आणि बिनखर्चाची पहिली पायरी तर आजीपाशी बसणं. आजेसासऱ्यांचं नाव काय, ते कुठल्या पाड्यावरून आले, त्यांचे भाऊ किती, कोण कुठल्या शाळेत बसला, हे तिला तोंडपाठ असतं आणि कुठेही लिहिलेलं नसतं. ते एका कागदावर उतरवलं, की पुढची सगळी शोधाशोध निम्म्यावर येते.

कागद जपून ठेवण्याचं मोल या तालुक्याला वनजमिनीनेही शिकवलं. वनहक्क कायदा २००६ सालचा. त्याप्रमाणे १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत असल्याचं दाखवावं लागतं, आणि दाव्याला किमान दोन पुरावे जोडावे लागतात. वनखात्याने अतिक्रमणाबद्दल पूर्वी केलेल्या दंडाच्या पावत्या पुष्कळांनी जोडल्या. कधीकाळी ज्या पावतीने अपमान झाला होता, तीच जमीन कसत असल्याची साक्ष ठरली. ज्यांनी ती रागाने फाडून टाकली त्यांना म्हाताऱ्या माणसांचे जबाब, बांध, झाडं अशा दुसऱ्या पुराव्यांकडे वळावं लागलं. मार्च २०१८ मध्ये किसान सभेच्या मोर्चात नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर चालत गेलेल्यांत सुरगाण्याचे लोक मोठ्या संख्येने होते, आणि वनजमिनीचे प्रलंबित दावे ही त्यांची मुख्य मागणी होती.

हे मुद्दाम सांगतो, कारण ‘आधीच तयारी करा’ हा उपदेश फार लवकर ‘तुमचं तुम्ही बघा’ असा होऊन बसतो. नळयोजना, रस्ता, दवाखाना ही सरकारची कामं आहेत आणि ती मागायचीच आहेत. पण मागणीचाही स्वस्त महिना असतो. जिल्ह्याचा टंचाई कृती आराखडा ऑक्टोबर ते जून या काळासाठी होतो. विंधन विहीर, नळयोजनेची विशेष दुरुस्ती, विहीर अधिग्रहण, टँकर ही सगळी कामं त्यात नोंदलेली असतात. भूजल सर्वेक्षण यंत्रणा पावसाळा संपला की निरीक्षण विहिरींची पातळी मोजते आणि टंचाईचा अंदाज त्यावर बांधते. आपल्या पाड्याचं नाव त्या यादीत यायचं असेल तर ठराव सप्टेंबर-ऑक्टोबरात पंचायत समितीत पोचलेला हवा. एप्रिलच्या मोर्चानंतरही टँकर येतो, पण टँकरच येतो, दुरुस्ती होत नाही.

पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा, लागू असल्याने सुरगाण्यात आणखी एक दार उघडं आहे. महाराष्ट्राच्या २०१४ च्या पेसा नियमांनुसार पाड्याला स्वतःची ग्रामसभा मागता येते. आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के निधी २०१५ पासून पेसा ग्रामपंचायतींना थेट दिला जातो, आणि जलसंधारण हे त्याच्या मंजूर कामांत बसतं. दोन ऑक्टोबरची ग्रामसभा टंचाईच्या ठरावाच्या याच दिवसांत येते. तिथे बायांनी पाण्याचा विषय काढून तो ठरावाच्या वहीत लिहून घ्यावा आणि वाचून दाखवायला लावावा. बोललेलं वहीत नसलं तर पुढे कुणी मानत नाही. लेखी अर्जाची तारखेची पोच त्याच वेळी हातात घ्यावी. लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली येणाऱ्या सेवांना मुदत ठरलेली आहे, आणि मुदत मोजायची तर अर्ज कधी दिला ते दाखवता आलं पाहिजे.

काही कामांत हा हिशोब जिवाशी असतो. पावसाळ्यात नदीमुळे वाट तुटणाऱ्या पाड्यावर बाळंतपणाची तारीख जुलै-ऑगस्टात येत असेल, तर कळा सुरू झाल्यावर गाडी शोधणं हा उपाय नव्हे. आदिवासी भागातल्या काही प्राथमिक आरोग्य केंद्रांत माहेरघराची सोय केलेली आहे, तिथे गरोदर बाई आधीच येऊन राहू शकते. कुठल्या केंद्रात ही सोय चालू आहे, सोबत कोण राहणार, घरची पोरं कोण बघणार, हे आशाताईशी मे महिन्यात बोलून ठेवायचं.

एकाच वर्षात हे सगळं जमत नाही, आणि जमवायला जाऊही नये. एक काम धरावं आणि त्याच्या तारखा लिहाव्यात. बंधारा धरला असेल तर वहीचं एक पान पुरतं: बांध कधी घातला, त्यातलं पाणी कधी संपलं, खालच्या विहिरीचा तळ कधी दिसला. बागेवरून परतलेल्यांना या तारखा माहीत नसतात, म्हणून वही मागे राहणाऱ्या कुणाकडे तरी, शाळेतल्या पोरीकडेही चालेल, द्यावी. पुढच्या ऑक्टोबरात दुसरा बांध वरच्या अंगाला घालायचा की खालच्या, हे त्या पानावरून ठरवता येतं. आणि ग्रामसभेत टंचाई कधीपासून सुरू झाली असं विचारलं, तर अंदाज सांगावा लागत नाही.